परत आलात, तर नवं काय आणलंत?

१९९७ साली बंद पडलेला मुंबईचा 'इंडस क्रीड' हा रॉक बँड २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २०१२ साली त्यांनी 'इव्हॉल्व्ह' नावाचा नवा अल्बम काढला. त्याआधीचा त्यांचा अल्बम १९९५ चा. मधल्या सतरा वर्षांत कॅसेट गेली, सीडी आली आणि सीडीही जवळजवळ गेली.

आमच्या सिंधुदुर्गात रॉक ऐकणारे तेव्हाही मूठभर होते, आताही मूठभरच आहेत. पण जे होते ते कट्टर. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' म्हणून सुरू झालेला आणि १९९३ मध्ये नाव बदललेला हा बँड त्यांना तोंडपाठ. बोटीवर नोकरीला असलेला कुणाचा तरी काका कॅसेट आणायचा, नाहीतर बांदा ओलांडून म्हापसा गाठायचा. आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर इंग्रजी गाणी लागत, ती ऐकायला रेडिओ खिडकीत आणून ठेवायचा. या मंडळींनी 'इव्हॉल्व्ह'बद्दल दिलेला निकाल एका वाक्यात संपला : "ह्यापरास जुना बरा होता." ऐकून दिलेला निकाल असता तर वादच नव्हता. पण बहुतेकांनी अल्बम लावूनच पाहिला नव्हता, आणि न ऐकता नाकारण्यात आपलं काही चुकतंय असंही कुणाला वाटलं नाही.

माझं मत सरळ आहे. बऱ्याच वर्षांनी एकत्र येणाऱ्या बँडने नवा अल्बम काढावा, तो फसला तरी चालेल. नुसती जुनी गाणी घेऊन फिरणाऱ्या बँडचं तिकीट ज्याला काढायचंय त्याने खुशाल काढावं, मीही काढीन. मात्र कोकणात गावोगाव होणाऱ्या पर्यटन महोत्सवांमध्ये लोकांच्या करातून आलेला पैसा अशा कार्यक्रमांवर उधळायला माझा विरोध आहे. तो का, हे सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

जगातला सध्याचा वारा उलट दिशेने वाहतोय. इंग्लंडच्या 'ओएसिस' या बँडमधले गॅलाघर बंधू २००९ साली पॅरिसमध्ये ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर भांडून वेगळे झाले होते. ४ जुलै २०२५ ला ते कार्डिफच्या स्टेडियममध्ये पुन्हा एका मंचावर उभे राहिले. गाणी वाजवली ती जवळजवळ सगळी नव्वदच्या दशकातली, आणि पुढच्या गावालाही तीच, त्याच क्रमाने. नवं एकही नाही. तरीही आदल्या वर्षी तिकिटांसाठी लोक तासन् तास ऑनलाइन रांगेत होते. १४८ पौंडांचं तिकीट नंबर लागेपर्यंत ३५५ पौंडांवर गेलेलं दिसलं, आणि त्यावरून तिथल्या स्पर्धा नियामकाला चौकशी करावी लागली. अमेरिकेच्या 'गन्स अँड रोझेस'मध्ये गिटारवादक स्लॅश आणि बेसवादक डफ २०१६ साली परतले. १७ मे २०२५ ला ते मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, तोवर त्यांनी मिळून एकही पूर्ण नवा अल्बम काढला नव्हता. अधूनमधून जी सुटी गाणी आली, त्यांतली काही वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहिलेल्या जुन्या गाण्यांचीच डागडुजी होती.

मे महिन्यात मुंबईची माणसं आंबे खायला इकडे येतात. आमच्या वाडीतला एक पोरगा त्या आठवड्यात हंगामाच्या शेवटच्या पेट्या भावावर सोपवून उलट्या दिशेने गाडीत बसला. परत आला तो हरखून. सगळं डिट्टो रेकॉर्डसारखं वाजवलं म्हणाला. नवीन काय वाजवलं विचारलं, तर मला वेड्यात काढत म्हणाला, "नवीन कशाक व्हया?"

यामागचं पैशाचं गणित सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. गाणं एकदा ऐकलं गेलं की स्ट्रीमिंगवाल्यांकडून सुटतो तो रुपयाचा एखादा तुकडा. खरी कमाई तिकीट आणि टी-शर्टात. नवा अल्बम म्हणजे वर्ष-दोन वर्षं स्टुडिओत घालवायची, जुनी भांडणं पुन्हा उकरायची आणि वर लोकांची बोलणी खायची. तरीही कुणी तो काढतं, तेव्हा त्यामागे पैशापलीकडचं काहीतरी असण्याची शक्यता बरीच वाढते. एवढं श्रेय तरी ऐकण्याआधी द्यायला हरकत नसावी.

आता ऐकणाऱ्याकडे येऊ, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे. जुन्या बँडचा चाहता हा अगदी आमच्या चाकरमान्यासारखा असतो. चाकरमानी गणपतीला गावी येतो आणि पहिल्याच संध्याकाळी खळ्यात उभा राहून हळहळतो : कौलं काढून पत्रे का घातले, शेणाने सारवलेल्या जमिनीवर लादी का आली, पडवीत ग्रील का बसवलं. त्याच्या नालासोपाऱ्याच्या किंवा दिव्याच्या घरात तीनदा फरशी बदललेली असते, ती बदलायचा त्याला हक्क. गावच्या घराने मात्र त्याच्या लहानपणी होतं तसंच थांबून राहायचं. कौलं का काढली, हे तो घरच्या माणसाला विचारत नाही. विचारलं तर कळेल की माकडं दर वर्षी निम्मी कौलं फोडतात, नवी मिळत नाहीत, मिळाली तर छपरावर चढून शाकारणारा माणूस मिळत नाही, आणि पावसात गळणारं पाणी थेट देव्हाऱ्यावर पडतं. पत्रा दिसायला वाईट आणि मेमध्ये तापतो, पण जो त्या घरात बारा महिने राहतो त्याने तो विचार करून घातलेला आहे. (चाकरमान्याला नावं ठेवतोय असं कुणी समजू नये. त्याच्या मनीऑर्डरीवर पिढ्यान् पिढ्या इथल्या चुली पेटल्या, ते मी विसरलेलो नाही.)

बँडमधली माणसंही त्या मधल्या वर्षांत बारा महिने जगलेली असतात. लग्नं झाली, मोडली, आईबाप गेले, आवाज खाली उतरला, बोटं आखडली. पंचवीस वर्षांच्या पोराने लिहिलेलं गाणं पंचावन्नाव्या वर्षी गाताना ते त्याच पोराचं सोंग घेतात. सोंग उत्तम वठतं, टाळ्या पडतात. पण पंचावन्न वर्षांच्या त्या माणसाला आज काय म्हणायचंय, हे ऐकायची सोय एकच : नवं गाणं.

पुनरागमनाचे अल्बम बहुतेक वेळा पडेल असतात, असा आक्षेप येतो. खरा आहे. फार वर्षांनी आलेले अल्बम मी उत्सुकतेने लावतो, आणि त्यांतले बरेचसे दुसऱ्यांदा लावत नाही. पण कुणाचेही बहुतेक अल्बम पडेलच असतात, त्यात परत आलेल्यांनाच वेगळी फूटपट्टी का? आणि उणिवा असलेल्या अल्बमातही माणूस कुठे उभा आहे ते कळतं. इंग्लंडच्या 'ब्लॅक सबाथ' या बँडचा २०१३ सालचा 'थर्टीन' घ्या. मूळचा गायक ऑझी ऑस्बर्नसह त्यांचा त्याआधीचा स्टुडिओ अल्बम होता १९७८ चा. मधे पस्तीस वर्षं. गिटारवादक टोनी आयोमीला २०१२ च्या सुरुवातीला कर्करोग झाल्याचं कळलं, आणि उपचार चालू असतानाच तो या अल्बमच्या कामाला बसत होता. मूळचा ड्रमर बिल वॉर्ड कराराच्या वादात बाहेरच राहिला. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. १९७० च्या 'पॅरानॉइड'नंतर ते भाग्य त्यांच्या वाट्याला थेट तेव्हाच आलं.

तरीही 'थर्टीन'बद्दल माझी तक्रार आहे. निर्माता रिक रुबिनने त्यांना स्वतःच्या पहिल्या अल्बमकडे पुन्हा वळायला सांगितलं आणि त्यांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. १९७० साली तो पहिला अल्बम पाऊस, ढगांचा गडगडाट आणि घंटानाद यांनी सुरू झाला होता. 'थर्टीन' त्याच पावसाने, त्याच घंटेने संपतो. चाहत्यांच्या अंगावर काटा आला. मला ती कसर वाटली. मृत्यू घरात येऊन बसलेला असताना या माणसांकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि मधल्या काही गाण्यांत ते आलंही आहे. शेवटी मात्र त्यांनी जुन्या फोटोला हार घातला. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, आपल्या गावी, चौघे मूळ सवंगडी बिल वॉर्डसकट शेवटचे वाजले आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑझी गेला. आता मागे वळून पाहताना त्या अल्बममधल्या उणिवांसकट तो निघाला हे बरंच झालं, असं मला वाटतं. तो नसता तर त्या शेवटच्या वर्षांची नोंद म्हणून उरले असते फक्त दौऱ्यांचे व्हिडिओ.

याच्या नेमकं उलटं उदाहरण 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या बँडचं. १९९१ च्या 'लव्हलेस'नंतर बावीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्यांनी पुढचा अल्बम थेट स्वतःच्या वेबसाइटवर टाकला. लोक असे तुटून पडले की वेबसाइटच बसली. सुरुवातीची गाणी ओळखीच्या अंगणातली आहेत. मग हळूहळू ड्रम पुढे सरकतात, वेग चढतो, आणि शेवटच्या गाण्यात गिटार कुठे संपली नि घरघर कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. बावीस वर्षं ही माणसं हातावर हात ठेवून बसली नव्हती हे त्या दहा-पंधरा मिनिटांत समजतं. कुणाला ते आवडणार नाही. माझ्या घरात कुणालाच आवडत नाही.

आणि जुनंच हवं असेल, अगदी तंतोतंत जुनं, तर त्यासाठी आता माणसांची गरजही उरलेली नाही. 'आबा' हा स्वीडनचा चौघांचा संच रॉकवाल्यांच्या पंगतीत बसत नाही, पण मुद्द्याला अगदी नेमका लागू पडतो. लंडनमध्ये २०२२ पासून त्यांचा जो कार्यक्रम चालतो, त्यात मंचावर चौघे १९७९ च्या रूपात, संगणकाने घडवलेले, नाचतात-गातात. साथीला तेवढे खरे वादक. यांचा घसा बसत नाही, यांच्यात भांडणं होत नाहीत, वय वाढत नाही. चाहत्यांची मागणी शंभर टक्के पुरी. गंमत अशी की स्वतः चौघांनी मात्र त्याआधी २०२१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, चाळीस वर्षांनी दहा गाण्यांचा नवा अल्बम काढला. म्हणजे जुनं रूप यंत्राच्या हवाली केलं आणि आपण नव्या गाण्यांना लागले. मला हा व्यवहार फार चोख वाटला. ज्या जिवंत बँडला नवं काही करायचं नाही, त्याची स्पर्धा यापुढे या संगणकी बाहुल्यांशी आहे, आणि त्यात तो हरणार.

कोकणातल्या माणसाला हे समजायला खरं तर जड जाऊ नये. आमच्या दशावताराला लिखित संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कुणी कुठलं पात्र करायचं ते ठरतं, आणि पेटाऱ्यांतून मुकुट-भरजरी निघत असताना दोन-चार वाक्यांत प्रसंगांचा क्रम लागतो. पुढचं सगळं मंचावर, तोंडातोंडी. पुढे बसलेल्या आजीला आख्यानाचा शेवट माहीत असतो, राक्षस मरणार हे माहीत असतं. तरी ती जत्रेतल्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून उजाडेपर्यंत बसते, कारण आज राजा काय बोलणार ते तिला माहीत नसतं. राजाने दरबारात उभं राहून गावच्या नळपाणी योजनेला कोपरखळी मारली की सगळ्यात आधी तीच हसते. रत्नागिरीकडची जाखडी, म्हणजे सवाल-जवाबांचं नाचगाणं, तर याहून कडक. शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष समोरासमोर. दर हंगामाला शाहिराला गण नवा, गौळण नवी, सवाल नवा लागतो. गेल्या वर्षीचा सवाल यंदा घेऊन उभा राहिला तर समोरचा शाहीर त्याची चारचौघांत सालं काढील. परळच्या दामोदर नाट्यगृहात, ते २०२३ मध्ये बंद होईपर्यंत, हे सामने पाहायला तिकीट काढून जाणारे म्हणजे हेच आमचे चाकरमानी. शाहिराने नवं आणलं नाही तर त्यांना फसवल्यासारखं वाटतं. बँडने नवं आणलं तर मात्र फसवल्यासारखं वाटतं!

यावर एका मित्राने मला अडवलं. दशावतारात आख्यान जुनंच असतं, म्हणाला. मग बँडनेही जुनीच गाणी नव्याने वाजवावीत, अल्बम कशाला हवा? वाद घालायला मजा आली, कारण मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. जुनं गाणं मंचावर फोडून, ताणून, चाल वाकवून वाजवणारे बँड असतील तर माझी अर्धी तक्रार तिथेच मिटेल. पण आमच्या वाडीतल्या पोराला ते चालणार नाही. त्याला गिटारचा तुकडा सुरासुराने रेकॉर्डसारखा हवा, आणि तसा मिळाला म्हणूनच तो खूश होता. रॉकच्या श्रोत्याने जुन्या गाण्याला हातच लावू दिलेला नाही. मग कलाकाराला हालचालीला जागा उरते ती नव्या गाण्यात.

दुसरा आक्षेप, मूळची माणसं नसताना तेच नाव कशाला. इथे मला कोकणचीच रीत बरी वाटते. दशावतारी मंडळं ज्या घराण्यांच्या नावाने चालतात, त्यांत आज काम करणारे नट वेगवेगळ्या गावांचे असतात, हंगाम बदलला की कंपनीही बदलतात. नाव लबाडीचं आहे असं कुणी म्हणत नाही. रात्रीचा खेळ रंगला की नाही एवढंच पाहतात. 'इव्हॉल्व्ह'च्या वेळी 'इंडस क्रीड'मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने तिघे होते, बेस आणि ड्रमवर दोघे नव्या दमाचे. यात खटकण्यासारखं काय आहे?

आता महोत्सवांकडे. किनाऱ्यावरच्या अशाच एका महोत्सवात मी मुंबईहून आलेला एक बँड ऐकला. बरीच वर्षं बंद होता, नुकता पुन्हा सुरू झालेला. वाळूत प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे मान्यवरांसाठी पांढरी खोळ घातलेले सोफे, शाल-श्रीफळात पाऊण तास गेलेला. दोन जुनी गाणी झाली, लोक उठून नाचले. मग गायक म्हणाला, "आता आमचं एक नवीन गाणं." मागचा अर्धा मांडव उठला आणि कोंबडी-वड्यांच्या आणि भजीच्या स्टॉलकडे निघाला. गिटारवाला पट्टा सावरत ते बघत होता. गाणं वाईट नव्हतं, मधे एक शांत जागा होती, तिथे मागून कुणीतरी ओरडलं, "जुना लाव रे!" गाणं संपल्यावर गिटारवाल्याने ड्रमरकडे पाहून बोट आडवं हलवलं. पायाशी चिकटपट्टीने डकवलेल्या कागदावरची पुढची नवी गाणी त्या रात्री वाजलीच नाहीत.

यात दोष एकट्या प्रेक्षकाचा नाही. आयोजकांच्या पत्रातच "जुनी लोकप्रिय गाणी" असं लिहिलेलं असतं. त्याच महोत्सवात स्थानिक पोरांच्या बँडला वेळ मिळते साडेसहाची, उजेड असताना, खुर्च्या लावणाऱ्यांसमोर. दोन गाणी, आणि तीही कुणाची तरी प्रसिद्ध. सावंतवाडी-कुडाळकडची गिटार वाजवणारी पोरं मग गोव्यात जातात आणि शॅकमध्ये रोज रात्री तीच ती परकी गाणी वाजवतात. मोठ्यांनी जुनं विकायचं आणि धाकट्यांनी मोठ्यांचं जुनं वाजवायचं, असा हा कारखाना आहे. त्यात स्वतःचं गाणं लिहायला बसावं असं पोराला का वाटेल?

म्हणून माझी मागणी. सरकारी किंवा नगरपालिकेच्या पैशातून ज्या बँडला किंवा वाद्यवृंदाला बोलवाल, त्याच्या करारात लिहा की कार्यक्रमाचा किमान तिसरा हिस्सा गेल्या पाच वर्षांत केलेल्या स्वतःच्या गाण्यांचा असेल. ज्यांच्याकडे तेवढं नवं नाही त्यांनी तिकीट लावून स्वतःच्या हिमतीवर यावं. स्थानिक पोरांना आठ वाजताची वेळ द्या, अट एकच : गाणं स्वतःचं हवं, मालवणीत असलं तरी उत्तम. कलेत सरकारने अटी घालू नयेत, असं यावर कुणी म्हणेल. अटी आताही आहेत, फक्त त्या जुन्याच्या बाजूने आहेत.

खुर्च्या रिकाम्या होतील ही भीती आयोजकांना असतेच, आणि ती खोटी नाही. त्यावर जुना उपाय आहे, तो कुठलाही दशावतारी नाईक सांगेल : लोक ज्याची वाट बघतात ते लवकर देऊ नका. सगळ्यात गाजलेलं गाणं शेवटी ठेवा, नवी मधे ओळीने वाजवा, आणि ती वाजणार आहेत हे फलकावर आधीच लिहून टाका. तरी उठणारे उठतील. भजीवाल्यानेही स्टॉलचं भाडं भरलेलं असतं.